आमरीचे बी

बी पेरले म्हणजे ते उगवते, हा मानवजातीचा बहुधा सर्वांत जुना विश्वास असावा. शेतकऱ्याचे सारे जीवित त्यावर उभे आहे. परंतु वनस्पतींचे एक फार मोठे कुल असे आहे की, त्याच्या बियांनी या विश्वासाला फार काळ दाद दिली नाही. ते कुल ऑर्किडांचे. मराठीत त्यांस आमरी म्हणतात. सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडी एखाद्या जुन्या झाडाच्या फांदीवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचा जो लांब तुरा लोंबताना दिसतो, ती सीतेची वेणी याच कुलातली. पुष्कळ लोक तिची बांडगूळ म्हणून संभावना करतात; तो मात्र शुद्ध अन्याय होय. ती झाडाच्या आश्रयाने राहते, झाडाचा रस शोषीत नाही.

आमरीचे बी म्हणजे धूळ. फुंकर मारली तर उडून जावे इतके हलके. आणि ते किती असावे? डार्विनने १८६२ च्या आपल्या ग्रंथात एका साध्या इंग्लिश जातीच्या एका बोंडात सुमारे ६,२०० बिया आणि एका झाडावर १,८६,३०० बिया असा हिशेब दिला आहे. पुढे फ्रिट्झ म्यूलरने दक्षिण अमेरिकेतील एका जातीच्या एकाच बोंडात १७,५६,४४० बिया असल्याचे त्यास कळविले. सगळ्या बिया उगवल्या तर काही पिढ्यांतच साऱ्या पृथ्वीची जमीन झाकून जाईल, असे डार्विनचे गणित सांगत होते. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि ते का होत नाही हे त्यालाही सांगता येत नव्हते.

आज त्याचे कारण ठाऊक आहे. गव्हाचा दाणा घ्या किंवा वालाचा. निसर्गमाता त्या इवल्या गर्भाबरोबर शिदोरी बांधून देते. मुळे फुटून पाने येईपर्यंत अंकुर त्या शिदोरीवर जगतो. आमरीच्या बियांत ही शिदोरी जवळजवळ नसतेच. असंख्य लेकरे घराबाहेर काढावयाची आणि कोणाच्याच पदरात भाकरी बांधावयाची नाही, असा हा प्रकार आहे.

हे बी वांझ नाही, एवढे युरोपीय शास्त्रज्ञांस पूर्वीच कळले होते. सॅलिस्बरीने ते उगवताना पाहून १८०४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १८४९ मध्ये डब्लिनजवळच्या ग्लासनेव्हिन उद्यानाचे प्रमुख डेव्हिड मूर यांनी बियांपासून रोपे वाढविल्याचे जाहीर केले. एक्झिटर येथील जॉन हॅरिस या शल्यवैद्याने आमरीच्या फुलाची विचित्र रचना व्हीच यांच्या रोपवाटिकेतील जॉन डॉमिनी या माळ्यास समजावून दिली व दोन जातींचा संकर करण्याचे सुचविले. त्यातून १८५६ मध्ये माणसाच्या हातचे पहिले संकरित ऑर्किड फुलले. त्याची आईबापे ज्या दोन जातींची, त्या दोन्ही भारतातही आढळतात. ते फूल पाहून, आता वनस्पतिशास्त्रज्ञांस वेड लागण्याची पाळी आली, असे लिंडलेसारखा पंडित म्हणाला म्हणतात. माळ्यांना अनुभवाने एक युक्ती सापडली होती: बी नव्या स्वच्छ मातीत न पेरता जुन्या आमरीच्याच कुंडीत, तिच्या मुळांशी टाकावे. कधी उगवे, बहुधा उगवत नसे. का, ते कोणीच जाणत नव्हते.

या अज्ञानाची किंमत मात्र माळ्यांनी दिली नाही, ती अरण्यांनी दिली. श्रीमंत युरोपियनांस आमरीचे वेड लागले होते आणि बियांपासून रोपे हुकमी होत नसल्यामुळे मागणी पुरविण्याचा मार्ग एकच उरला, तो म्हणजे रानातून उपटून आणणे. १८५० मध्ये खासी टेकड्यांत जोसेफ हूकरने निळ्या व्हँडाची सात माणसांची ओझी होतील इतकी झाडे गोळा करून क्यू उद्यानासाठी रवाना केली. त्यांतली फारच थोडी जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने आपल्या माळ्याकरवी पाठविलेले एकच ओझे वाईट स्थितीत पोहोचूनही ३०० पौंडांस विकले गेले, असे हूकरनेच लिहून ठेवले आहे. आणि एखादा चलाख संग्राहक एका हंगामात दोन-तीन हजार पौंड सहज मिळवील, असा अंदाजही त्याने दिला आहे. शास्त्रज्ञाच्या लेखणीतून हा अंदाज जितक्या शांतपणे उतरला आहे, तितक्या शांतपणे तो आपणांस वाचवत नाही. १८९१ मध्ये आल्बर्ट मिलिकनने कोलंबियातील आपल्या प्रवासाची हकीकत छापली. तीत दोन महिन्यांत सुमारे दहा हजार रोपे मिळविण्यासाठी सुमारे चार हजार झाडे तोडल्याचा उल्लेख आहे. फांदीवरचे फूल हवे, म्हणून बुंध्याशी कुऱ्हाड.

कोडे सुटले ते कोणा धनाढ्याच्या काचगृहात नव्हे. नोएल बर्नार हा पंचविशीतला फ्रेंच तरुण लष्करी सेवेत होता. मे १८९९ मध्ये फाँतेनब्लोच्या रानात हिंडताना त्यास पालापाचोळ्याखाली दबलेली एका आमरीची जुनी फुलदांडी सापडली. नेओत्तिया नावाची ही तपकिरी जात, हिरवेपणाचा लवलेश नसलेली. दांडीवरच्या बोंडांतले बी तेथेच अंकुरले होते. बर्नारने ते अंकुर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो प्रत्येकाच्या आत एका बुरशीचे तंतू! दुसरा एखादा ‘रोग’ म्हणून ते दृश्य टाकून देता. बर्नारने उलटा विचार केला: ही बुरशी म्हणजे अंकुराचा रोग नसून अंकुर फुटण्याचे कारणच असेल काय? पुढील चार-पाच वर्षांत त्याने आमरीच्या मुळांतून बुरशी वेगळी काढून नळीत वाढविली व तिच्या संगतीत बी उगवून दाखविले. त्यातला नाजूक भाग असा की, हा स्नेह नव्हे, झुंज आहे. बुरशी प्रबळ ठरली तर ती गर्भास खाऊन टाकते. अगदी दुर्बळ असली तर काहीच घडत नाही. दोघांची ताकद तोलून राहिली, तरच गर्भ आपल्या पेशींत शिरलेले तंतू पचवितो आणि त्या अन्नावर वाढतो. बर्नार १९११ च्या जानेवारीत क्षयाने वारला. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता.

त्याच्या प्रयोगांतच पुढच्या शोधाचे बीज होते. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी सालममिश्री ही आमरीच्याच कंदांची. तिच्या दाट द्रावणात बुरशीवाचूनही काही बी अंकुरल्याचे त्याने नोंदविले होते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात ल्युइस नुडसन वनस्पतींवर साखरेचा परिणाम काय होतो याचा अभ्यास करीत असे. बुरशी अखेरीस अंकुरास साखरच पुरवीत असेल, तर ती आपणच का देऊ नये, असे त्याच्या मनात आले. बी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने जंतुरहित करून, क्षार, साखर आणि सागरी शेवाळापासून काढलेला आगर यांच्या थिजलेल्या मिश्रणावर त्याने ते पेरले. बी उगवले. १९२२ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्लंडात रॅम्सबॉटमसारख्या कवकशास्त्रज्ञाने आक्षेप घेतले. नुडसनने वाद घालण्याबरोबर वाटही पाहिली. १९३० मध्ये बुरशीवाचून वाढविलेल्या आमरीस फूल आल्याचे त्याने कळविले. १९४६ च्या त्याच्या सुधारित मिश्रणात लिटरभर पाण्यास वीस ग्रॅम साखर आहे. म्हणजे सुमारे चार चहाचे चमचे!

एवढ्याशा साखरेने व्यापाराचे रूप पालटले. एका बोंडातून हजारो रोपे बाटल्यांत वाढू लागली. ज्या निळ्या व्हँडाची ओझी हूकरने वाहिली, तिच्यावरील आंतरराष्ट्रीय व्यापाराचे अतिकडक बंधन २००४ मध्ये थोडे सैल करण्यात आले; कृत्रिम रीतीने तिची पैदास मुबलक होऊ लागली होती, हे त्याचे एक कारण. त्याच करारात निर्जंतुक बाटलीतल्या रोपांस सूटही आहे.

रानात मात्र साखरेची बाटली कोणी ठेवीत नाही. तेथे उडालेल्या धुळीस आजही आपली बुरशी गाठावीच लागते. आणि ती कोठे आहे हे वरून दिसत नाही. म्हणून १९९३ पासून संशोधक एक साधी युक्ती वापरतात. आमरीचे बी नायलॉनच्या बारीक जाळीच्या पुड्यांत घालतात, पुड्या रानातल्या मातीत ठिकठिकाणी पुरतात, आणि काही महिन्यांनी एकेक उकरून, कोणत्या पुडीत अंकुर फुटले ते पाहतात.