‘एरलांग’ : तारेच्या मापाकडून माणसाच्या मापाकडे

दूरध्वनीविषयक परिभाषेचा इतिहास हा श्रमाच्या बदलत्या स्वरूपाचाही इतिहास आहे. ‘एरलांग’ हे एकक त्याचे बोलके उदाहरण होय. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एरलांग यांनी १९०९ मध्ये कॉल्सच्या यादृच्छिक आगमनाचे गणिती विवेचन केले. १९१७ मध्ये त्यांनी कॉल न जुळण्याची व ग्राहकाला थांबावे लागण्याची संभाव्यता काढणारी सूत्रे मांडली. एक तार तासभर अखंड व्यापलेली असणे म्हणजे एक एरलांग; या एककास त्यांचे नाव १९४६ मध्ये देण्यात आले.

पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत रॉकवेल कंपनीने कॉन्टिनेन्टल एअरलाइन्ससाठी कॉल-वितरणाची स्वयंचलित यंत्रणा उभारली. आलेला कॉल रांगेत ठेवून मोकळ्या कर्मचाऱ्याकडे वळविणे, हे तिचे कार्य. अशा कॉल सेंटरमधील मनुष्यबळ ठरविताना प्रतीक्षेचे तेच सूत्र वापरले जाऊ लागले आणि त्यात तारेच्या जागी कर्मचारी आला. ‘व्याप्ती’ ही संज्ञाही तारेऐवजी माणसाला लागू झाली. तार थकत नाही, कर्मचारी थकतो. हा भेद मूळ सूत्रात नाही.

सारांश, परिभाषा जुनीच राहिली, तरी तिचा मापनविषय बदलला. म्हणूनच तिचा अभ्यास तंत्रज्ञानाइतकाच श्रमेतिहासाच्या कक्षेतही येतो.