सीटखालचा दांडा

मंडळी, इतिहास म्हटला की आमचे जुने विद्यार्थी लगेच पानिपतावर येतात. आज पानिपत नाही. आजचा विषय आहे मोटारीच्या पुढच्या सीटचा इतिहास. हसू नका, यालाही इतिहास आहे, आणि बरा आहे.

१९०८ ते १९२७ या काळात फोर्डच्या 'मॉडेल टी' गाड्या दीड कोटी निघाल्या. त्यांत सीट जागच्या जागी घट्ट. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकीच तिच्याखाली, म्हणजे पेट्रोल भरायचं तर आधी उठा आणि गादी उचला! चालवणारा ताडमाड असो की बुटका, त्याने सीटशी जुळवून घ्यायचं. पुढे रुळांवर सरकणाऱ्या सीटा आल्या. खाली एक दांडा, तो ओढला की खाचेतला दात सुटतो, सोडला की स्प्रिंगने पुढच्या खाचेत बसतो. यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

मग वीज कशाला आली? माझ्या मते उत्तर त्या काळच्या बाकड्यात आहे. अमेरिकन गाड्यांत पुढे एकच लांब बाक असे, तिघांनी बसायचा. दोन माणसं बसलेली असताना तिसऱ्याने तो बाक रेटायचा म्हणजे कुस्तीच. महायुद्ध संपल्यावर जनरल मोटर्सने १९४७ च्या ब्यूक, कॅडिलॅक अशा उघड्या टपाच्या गाड्यांत काचा, टप आणि सीट हलवायला विजेचा पंप आणि तेलाच्या नळ्या दिल्या. नळ्यांत ब्रेकचंच तेल. ते गळलं की रंग खाऊन टाकी. लवकरच तेल गेलं आणि नुसती विजेची मोटर राहिली.

१९५७ साली तर कळस झाला. फोर्डच्या थंडरबर्डमध्ये किल्ली बंद केली की सीट आपण होऊन मागे सरके, उतरायला सोपं जावं म्हणून, आणि चालू केली की ठरवलेल्या जागी परत येई. त्याच वर्षीच्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूहॅमला सीटच्या दोन जागा लक्षात राहत. किंमत १३,०७४ डॉलर! दोन वर्षांत जेमतेम ७०४ गाड्या झाल्या.

आपल्याकडे मात्र ॲम्बॅसेडर आणि कुर्ल्याची पद्मिनी. बाक, दांडा आणि मनगटातला जोर. बटणवाल्या सीटा मध्यमवर्गीयांच्या दारात आल्या त्या अगदी अलीकडे, आणि पुष्कळदा जुन्या गाडीतून.

अशीच एक जुनी गाडी माझ्या भाच्याने पुण्यात घेतली. आधीचा मालक सहा फुटी असावा. घेतल्यावर दोन महिन्यांत ड्रायव्हरची सीट पार मागे जाऊन अडकली ती अडकलीच. भाचेसून चार फूट दहा इंच, क्लचला पाय पोचेना. तिची नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, गाडी तिच्यासाठीच घेतलेली! पाठीमागे उशी लावून चालवते म्हणाली. मी फोनवर रागावलो. ब्रेक दाबताना उशी सरकली म्हणजे? आणि उशीने माणूस पुढे येतो, पण सीट काही पुढे येत नाही.

"मामा, जोर लावून ढकलली तर?" असं त्याने विचारलं. ते होत नाही, आणि त्याचं कारण समजण्याजोगं आहे. मोटर एक मळसूत्री दांडा फिरवते आणि त्यावरून सीट सरकते. मळसूत्र फिरवलं तर सीट हलते, पण सीट ढकलून मळसूत्र फिरत नाही. म्हणूनच अपघातातही ती जागची हलत नाही. गुण तोच, दोषही तोच.

वर्कशॉपने सांगितलं, मोटर सुटी मिळत नाही, अख्खा सांगाडा घ्या. आकडा ऐकून भाचा गप्प झाला. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने त्याच मॉडेलच्या स्वस्त आवृत्तीचे, हाताच्या दांड्याचे रूळ कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणले. बोल्टची भोकं तंतोतंत जुळली. कंपनी दोन्हीला पत्रा एकच वापरते ना!

पण हे काम वाटतं तितकं निष्पाप नाही. १९९४ मध्ये व्होल्व्होने बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीत बसवली, तेव्हापासून सीट म्हणजे नुसतं फर्निचर राहिलं नाही. खाली पिवळ्या जोडाच्या वायरी असतात, त्या एअरबॅगच्या. बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. काही गाड्यांत पट्ट्याचं कुलूप सीटच्या सांगाड्यालाच असतं, ते तितक्याच भक्कमपणे बसायला हवं. आणि दांडा सोडल्यावर दोन्ही रुळांचे दात खाचेत बसले का, हे सीट हलवून बघायचं. एकच बसला तर जोरात ब्रेक मारताना सीट सुटू शकते. हे मी भाच्याकडून तीनदा वदवून घेतलं. सवय जात नाही.

आता भाचेसून पुढून तिसऱ्या खाचेत बसते. छाती आणि स्टिअरिंग यांत पंचवीस सेंटिमीटर तरी अंतर हवं, असं अमेरिकेचं वाहन सुरक्षा खातं सांगतं, एअरबॅग जोरात उघडते म्हणून. मी तिला टेपने मोजायला लावलं. सव्वीस भरलं. भाचा गाडी घेतो तेव्हा दांडा ओढून मागे सरकवतो आणि परत जागेवर ठेवत नाही, अशी तिची तक्रार आहे.