गढीच्या तटापासून जस्ताच्या जाळीपर्यंत : अंगणाच्या कुंपणाचा इतिहास

१/ अंगणाला काटेरी तार घ्यावी, विणलेली जाळी की लोखंडी गज? लातूर-नांदेडकडे घर बांधणाऱ्याच्या या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

२/ मराठवाड्यात घराची सीमा म्हणजे दगडमातीची जाड भिंत. औसा, उदगीर, कंधारचे किल्ले असोत वा गावची गढी, तटाचे काम एकच : शत्रूला अडवणे. शेताला मात्र बाभळीच्या काट्या पुरत.

३/ ३० सप्टेंबर १९९३. किल्लारी परिसरात पहाटेच्या भूकंपात चिखलात रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे दगावली. आधार वाटणारे भिंतीचे वजनच जीवघेणे ठरले.

४/ धातूचे कुंपण हलके, पण त्याला गंजाचे भय. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल याने लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचे पेटंट घेतले. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते, लोखंड वाचते.

५/ काटेरी तारेचे गाजलेले पेटंट अमेरिकेतील जोसेफ ग्लिडन याचे, १८७४ चे. हेतू गुरे अडवण्याचा. म्हणून ती शेताला शोभते. मुले खेळतात त्या अंगणाला नव्हे.

६/ गज मजबूत, परंतु वजनदार. रंगही वरचेवर द्यावा लागतो. अंगणासाठी जस्ताचा थर दिलेली जाळी उत्तम. मात्र आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांब खोल रोवावेत.

७/ तुमच्या गावात गढीचा तट अजून उभा असल्यास छायाचित्र अवश्य टाका.