घर तुमचं, माणूस कुणाचा?

आज आम्ही बोलणार आहोत बांधकामावर होणाऱ्या अपघाताबद्दल. तुम्ही म्हणाल, हा विषय बायांचा कसा? तर ऐका.

आमच्या गटातल्या एका ताईला घरकुल मंजूर झालं. पायाभरणीला आम्ही सगळ्या नारळ घेऊन गेलो होतो. काम एका मिस्त्रीला गुत्त्यानं दिलं होतं. स्लॅबच्या दिवशी सेंट्रिंगचा एक टेकू सरकला आणि वरून एक मजूर खाली आला. कंबरेचं हाड मोडलं. त्याची बायको शेजारच्या वस्तीतल्या गटात, आमच्याच ग्रामसंघातली. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली. मिस्त्री म्हणाला, "घर तुमचं, तुमच्या घरात पडला." घरवाली म्हणाली, "माणूस तुमचा, तुम्ही आणला." आणि त्या मजुराची बायको दवाखान्याची चिठ्ठी हातात धरून दोघांच्या तोंडाकडे पाहत उभी होती.

जिचं घर, तीही आपली. जिचा नवरा पडला, तीही आपली. कोणाची बाजू घ्यावी ते आम्हाला त्या दिवशी कळलं नाही. मग आम्ही माहिती काढत गेलो. तेव्हा समजलं की हे भांडण आपल्या ओट्यावरचं नाही, दीडशे वर्षांहून जुनं आहे.

मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्याचा बोरघाट लागतो. तिथला रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. मालक होती जी.आय.पी. रेल्वे कंपनी. तिनं काम फॅविएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराला दिलं. त्यानं पोटकंत्राटदार नेमले, त्यांनी मुकादम नेमले, आणि मुकादमांनी गावागावांतून मजूर आणले. सुरुंग लावायचे, डोंगर फोडायचा, दगडमाती वाहायची. त्यात बायाही होत्या, लेकरंही होती. १८६१ मध्ये या घाटात एका वेळी ४२,००० माणसं राबत होती. दरडी कोसळून, सुरुंगानं आणि सगळ्यात जास्त पटकीनं व तापानं हजारो मेली.

१८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला. कंपनी म्हणे, पैसे कंत्राटदाराला दिले. कंत्राटदार म्हणे, खालच्याला दिले. खालचा पसार. त्याच वर्षी फॅविएलनं काम सोडलं. पुढे सॉलोमन ट्रेडवेल नावाचा नवा कंत्राटदार आला, आणि घाटात येऊन महिना व्हायच्या आत तोच आजारानं वारला. त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल मागे हटली नाही. तिनं नवऱ्याचं कंत्राट आपल्या अंगावर घेतलं, जाणकार माणसं कामावर नेमली आणि घाट पुरा केला. १८६३ मध्ये त्यावरून गाडी धावली. तिचं नाव इतिहासात राहिलं, ते राहायलाच हवं. पण त्याच घाटात ज्या मजूर बायांचे नवरे गेले, त्यांच्या हाती काय आलं? काही नाही.

त्या काळी कायदा अगदीच नव्हता असं नाही. १८५५ मध्ये प्राणघातक अपघातांचा कायदा झाला होता. दुसऱ्याच्या चुकीनं माणूस मेला तर घरच्यांना दावा लावता येत होता. पण चूक सिद्ध करायची कोणी? ज्या बाईचा नवरा दरडीखाली गेला, तिनं. त्यातून इंग्रज न्यायालयांनी आणखी एक रीत पाडली होती. सोबतच्या कामगाराच्या चुकीनं अपघात झाला तर मालक जबाबदार नाही, कारण काम धरताना मजुरानं तो धोका पत्करलाच आहे, असं ते म्हणत. पोट भरायला गेलेल्या माणसानं मरणालाही संमती दिली, असाच त्याचा अर्थ.

हीच रेल्वे पुढे आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगावावरून गेली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव असा फाटा झाला, तो कापसासाठी. रुळांसोबत जिनिंग आणि प्रेस आले, यंत्रं आली, आणि कंत्राटदार-मुकादमांची ती साखळीही आली.

हे बदलायला १९२३ साल उजाडलं. त्या वर्षी कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी बसत होते. हे कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. गिरणगावात काम करताना कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. नव्या कायद्यानं एक मोठी गोष्ट केली. मालकाची चूक होती की नाही, हा प्रश्नच मागे टाकला. काम करताना, कामामुळे इजा झाली असेल तर भरपाई द्यायची. मृत्यू झाल्यास ३० महिन्यांची मजुरी किंवा २,५०० रुपये, यांतली जी कमी असेल ती. रक्कम थोडी होती. पण बाईला चूक सिद्ध करत बसायचं काम उरलं नाही.

याच कायद्याच्या १२ व्या कलमात ओट्यावरच्या भांडणाचा निवाडा होता. आपल्या धंद्याचं काम मालकानं कंत्राटदाराकडून करून घेतलं, तरी मजुराला मालकाकडून भरपाई मागता येते. मालकानं ती द्यावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावी. म्हणजे मजुराच्या बायकोला दोघांमध्ये हेलपाटे घालायला लावायचे नाहीत. बोरघाटातला पेच कायद्यानं असा सोडवला.

पण दोन फटी राहिल्या होत्या. एक, कायदा ठरावीक धोक्याच्या कामांनाच लागू होता. ती यादी हळूहळू वाढली. १२ फुटांपेक्षा खोल खोदकाम, सुरुंगाचं काम, बोअरवेल, पिकांवर औषध फवारणी, यंत्रानं मळणी, ही आपल्या शेताशिवारातली कामंही तिच्यात आली. दुसरी फट घरवाल्यांची होती. धंद्यासाठी नव्हे तर घरगुती कामासाठी चार दिवस लावलेला मजूर कायद्यात बसत नव्हता. २००० सालच्या दुरुस्तीनं हे वगळणं काढून टाकलं. आपल्यासाठी ही फार महत्त्वाची गोष्ट आहे आणि आपल्यातल्या बहुतेकींना ती ठाऊक नाही.

तिचा अर्थ असा. काम रोजानं असेल, म्हणजे गवंडी आणि बिगारी तुम्हीच बोलावले, मजुरी तुम्हीच मोजली, तर तुम्ही त्यांच्या मालक ठरू शकता आणि भरपाई तुमच्यावर येऊ शकते. काम गुत्त्यानं दिलं असेल, माणसं मिस्त्रीनं आणली आणि पैसेही तोच देतो, तर राहत्या घराच्या बाबतीत पहिली जबाबदारी त्याची. शेतातल्या विहिरीचं मात्र तसं धरून चालू नका. शेती हा आपला धंदा, तेव्हा विहीर धंद्याचंच काम ठरून तोच नियम आपल्याला लागू शकतो. आणि गुत्तं दिलं म्हणून सगळंच सुटलं असंही नाही. उघडी वायर तुम्ही लोंबकळत ठेवली आणि तिचा झटका बसून कोणी गेलं, तर ती तुमची हयगय. त्यासाठी पोलीस केसही होऊ शकते.

१९२३ च्या इंग्रजी कायद्याच्या नावात 'वर्कमेन' असा शब्द होता, म्हणजे पुरुष कामगार. २००९ च्या दुरुस्तीनं तो जाऊन 'एम्प्लॉईज' आला. डोक्यावर घमेलं घेणारी बाई हक्कात आधीपासून होती, नावात मात्र ८६ वर्षांनी बसली. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

आज भरपाई किती होते? मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घेतात आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणतात. ३० वर्षांच्या मजुरासाठी तो आकडा २०७.९८ आहे. महिन्याला १२,००० मजुरी धरली तर ६,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १२,४७,८८० रुपये. आता सांगा, घरकुलवाल्या ताईकडून किंवा एखाद्या मिस्त्रीकडून एवढे पैसे निघतील का? कायद्यानं हक्क दिला, पण ज्याच्याकडून घ्यायचं त्याचाच खिसा रिकामा, तर कागदाला काय चाटायचं?

इथे विमा कामाला येतो. मजुरांच्या भरपाईची जबाबदारी उचलणारी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. सरकारी कंपन्याही देतात. एका कामापुरती, त्या कामावरच्या माणसांपुरती ती काढता येते. काढायची कंत्राटदारानं, आणि काम रोजानं असेल तर आपण. एक लक्षात ठेवा, ती मजुरांसाठी आहे. वरून वीट पडून शेजारच्या पोराला लागलं, तर ते तिच्यात येत नाही. त्यासाठी तिऱ्हाइताच्या नुकसानीची पॉलिसी वेगळी असते. आणि घराचा साधा आगीचा विमा असेल, तर तो यातल्या कशालाच पुरत नाही.

विम्याशिवाय आणखी दोन आधार आहेत. १९९६ च्या कायद्यानं बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळं आली. महाराष्ट्राचं मंडळ २०११ मध्ये स्थापन झालं. वय १८ ते ६० असेल आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर नोंदणी होते. नोंदीत कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर मंडळाच्या योजनेतून घरच्यांना ५ लाख रुपये मिळतात. बिगारीकाम करणाऱ्या बायांनो, नोंद फक्त नवऱ्याची करू नका, स्वतःचीही करा. दुसरा आधार प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कटतात आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यात बघा. २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीडजवळ तढेगाव इथं समृद्धी महामार्गाच्या कामावरचा टिप्पर उलटला. लोखंडी सळया भरलेल्या त्या गाडीवर मजूर बसले होते. १३ जण गेले. परराज्यातून पोटासाठी आलेली माणसं होती ती. कितीही मोठा रस्ता असला तरी मजूर मालाच्या गाडीवरच बसतो, ही गोष्ट बोरघाटापासून आजपर्यंत फारशी बदललेली नाही.

आता गावातल्या समझोत्याबद्दल. अपघात झाला की चार माणसं बसतात, पन्नास हजार हातावर ठेवतात आणि 'आता काही मागणं नाही' म्हणून अंगठा घेतात. १९२३ च्या कायद्यानंच सांगून ठेवलं आहे की भरपाईचा हक्क सोडल्याचा करार चालत नाही. मृत्यूची भरपाई परस्पर द्यायची नसते, सरकारनं नेमलेल्या भरपाई अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. म्हणजे देणाऱ्या ताईनं सोनं मोडून परस्पर दिलं, तरी ती सुटत नाही. आणि घेणारीचा हक्कही बुडत नाही. "तो पिऊन होता" हे कारणही मृत्यू झाला असेल तर चालत नाही. दावा लावायला उशीर मात्र करू नका, मुदत असते. वकिलाला पैसे नाहीत म्हणूनही थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. बुलढाण्याच्या न्यायालयात जाऊन विचारा.

आमच्या त्या मजूरभावाचं काय झालं? दवाखान्यासाठी दोन्ही गटांनी मिळून पैसे उभे केले. मिस्त्रीनं थोडे दिले. त्याच्याकडे विमा नव्हता, मजुराची मंडळात नोंद नव्हती. तो अजून काठी धरून चालतो, बायको एकटी कामाला जाते. दावा लावला आहे, तारखा सुरू आहेत. घरकुलाचा स्लॅब पुढे दुसऱ्या मिस्त्रीनं टाकला. दोघी अजून एकमेकींशी मोकळ्या बोलत नाहीत. आम्हाला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

म्हणून आमच्या ग्रामसंघात आता एक रीत ठेवली आहे. घर असो की विहीर, काम सुरू व्हायच्या आधी एका कागदावर लिहायचं. काम गुत्त्यानं की रोजानं, माणसं कोणाची, मजुरी कोण देणार, विमा कोणी काढला, पॉलिसी किती तारखेपर्यंत. पॉलिसी डोळ्यांनी पाहायची, झेरॉक्स घ्यायची. मजुरांची नोंदणी आहे का, ते विचारायचं. कागदावर दोघांच्या सह्या आणि गटातल्या दोघी साक्षीदार. गटातून घरासाठी कर्ज मागायला बाई आली की पहिला प्रश्न हाच विचारतो.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा एक मिस्त्री हसला. म्हणाला, "बाई, एवढं कोणी विचारत नाही." आम्ही म्हटलं, "दादा, तुमच्या घरीही बाई आहेच ना?" तो गप्प झाला आणि पुढच्या आठवड्यात झेरॉक्स घेऊन आला.

तुमच्या गावात सध्या कुठे स्लॅब पडतोय, कुठे विहीर खणतायत? पुढच्या बैठकीत एवढंच विचारून बघा.