चांगदेवाच्या वाघाचे मूळ वतन

वाघावर स्वार होऊन, हाती सापाचा आसूड घेऊन चौदाशे वर्षांचा योगी आळंदीस येतो आणि त्याला सामोरी जाण्यासाठी चार भावंडे बसल्या भिंतीलाच चालण्याची आज्ञा करतात, ही कथा मराठी मुलाला कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. आणि नगर जिल्ह्यातल्या माणसाला तर ती घरचीच वाटते. तो योगी पुढे गोदावरीकाठी ज्या पुणतांब्यास समाधिस्थ झाला ते गाव राहाता तालुक्यात, ज्या ज्ञानदेवांपुढे तो नमला त्यांनी १२९० साली गीतेवरील टीका सांगितली ते नेवासे याच जिल्ह्यात, आणि ही कथा ज्याने घरोघर पोहोचवली तो महीपती राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचा कुळकर्णी. घरच्या गोष्टीची कुळी शोधण्याची बुद्धी सहसा कोणाला होत नाही. मलाही झाली नसती. परंतु एका पावसाळ्यात मौलाना रूमींच्या ‘मसनवी’चे निकल्सनकृत इंग्रजी भाषांतर वाचीत असता सहाव्या खंडात हाच स्वार मला अकस्मात भेटला, आणि त्याच्याही हातात सापच होता.

तो स्वार म्हणजे खुरासानातील खरकान गावचा अवलिया शेख अबुल हसन. हा १०३३ मध्ये वारला. त्याच्या दर्शनासाठी एक दरवेश दूरच्या तालिकानाहून पायपीट करीत येतो. दार उघडते ती शेखाची बायको, आणि ती नवऱ्याचा असा काही उद्धार करते, की त्या भाविकाचे कान किटून जातात. शेख रानात लाकडे आणायला गेला आहे असे कळून तो रानाकडे वळतो, तर समोरून सिंहाच्या पाठीवर मोळी, मोळीवर शेख आणि शेखाच्या हाती सापाचा चाबूक अशी स्वारी येताना दिसते. दरवेशाच्या मनातला प्रश्न ओळखून शेख त्याला सांगतो, की घरच्या त्या तोंडाचा भार मी सोसला नसता, तर या जनावराने माझा भार का म्हणून सोसावा? रूमींच्या आधी अत्तारनेही आपल्या अवलियांच्या चरित्रात ही कथा दिली आहे; तिथे दारात शिव्या खाणारा पाहुणा दुसरा कोणी नसून हकीम इब्न सिना आहे! रूमी वारले १२७३ मध्ये आणि ज्ञानदेवांचा रूढ जन्मशक धरला तर ते जन्मले १२७५ मध्ये. म्हणजे आळंदीची भिंत चालण्यापूर्वीच खुरासानातला सिंह मोळ्या वाहत होता.

इथे स्वदेशी पक्षाचे वकील उठून उभे राहतील, आणि त्यांचा दावा कच्चा नाही. दुर्गेचा वाघ, शंकराच्या गळ्यातला नाग, कुंडलिनीला सर्पाची उपमा देणारा नाथपंथ, एवढी सामग्री घरात असताना शेजाऱ्याकडून उसनवारी कशाला, असे ते विचारतील. माझे उत्तर एवढेच, की सामग्री आणि कथा या दोन वस्तू आहेत. वाहन हे देवतेचे जन्मसिद्ध लेणे असते, ते तिला मिळवावे लागत नाही. आमच्या गोष्टीत मात्र मर्त्य माणसाने वाघ कमावला आहे आणि तो दुसऱ्या मर्त्य माणसाला दाखवायला आणला आहे. शिवाय जो दस्तऐवज या भेटीस सर्वांत जवळचा, त्या ‘चांगदेव पासष्टी’त वाघ नाही, साप नाही आणि भिंतही नाही, चांगदेवाच्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून लिहिलेल्या त्या पासष्ट ओव्यांत निर्भेळ अद्वैत आहे. वाघ मागाहून आला. प्रश्न असा, की कोणत्या वाटेने?

एक वाट घरातूनच जाते, आणि ती सापडली तेव्हा माझा खुरासानी सिद्धांत डळमळला हे कबूल केले पाहिजे. महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी फलटणचे चक्रपाणी हे ‘चांगदेव राऊळ’ या नावाने ओळखले जातात. ते माहुरास गेले असता श्रीदत्तात्रेयप्रभू व्याघ्ररूपाने प्रकटले, त्यांनी आपला चवडा या चांगदेवांच्या मस्तकी ठेवला आणि शक्ती दिली, असे ‘लीळाचरित्रा’ची परंपरा सांगते. म्हणजे पुणतांब्याच्या चांगदेवापासून सर्वस्वी भिन्न असा दुसरा चांगदेव, आणि त्याच्या मस्तकावर वाघाचा पंजा! एका नावाच्या दोन पुरुषांचे दप्तर लोकस्मृतीत एकत्र बांधले जाणे ही नित्याची बाब आहे. दुसऱ्याच्या डोईवरचा वाघ पहिल्याच्या मांडीखाली आला असेल, तर त्यात अशक्य काही नाही.

नावाचा विषय निघालाच आहे, तर थोडी वाट वाकडी करतो. ‘चांग’ म्हणजे चांगला, सुंदर. हेमचंद्राने ‘चंग’ हा शब्द देशी म्हणून नोंदला आहे, पंजाब्यांचा ‘चंगा’ त्याचाच भाऊ, आणि जोतिबाच्या डोंगरावरचे ‘चांगभलं’ त्याच घराण्यातले. परंतु फारसीत ‘चंग’ म्हणजे पंजा, नखरयुक्त पंजा. हिंदीतला ‘चंगुल’ त्याच गोत्राचा. फारसी जाणणाऱ्या कोणा मुनशीने ‘चांगदेव’ हे नाव प्रथम ऐकले, तेव्हा त्याच्या कानी ‘पंज्याचा देव’ असा अर्थ उमटला असावा, आणि आपल्या देशीचा सिंहारूढ अवलिया त्याने या नावाला जोडून दिला असावा, ही माझी लाडकी कल्पना. तिच्याविरुद्धचा पुरावा मीच रुजू करतो: माहूरच्या वाघाची कथा तेराव्या शतकातल्या माणसांची, आणि अल्लाउद्दीन देवगिरीवर आला तो १२९६ मध्ये, ज्या वर्षी ज्ञानदेवांनी समाधी घेतली. तेव्हा फारसी कानाने वाघ जन्मास घातला असे म्हणता येणार नाही. त्याने वाघाला जीन घातले, एवढाच माझा दावा.

आणि जीन घालायला नगरइतके योग्य ठिकाण दुसरे नव्हते. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभारली. त्याचा पुत्र बुऱ्हाण याच्या दरबारी इराणातून आलेल्या शाह ताहिराचे वजन एवढे, की त्याच्या उपदेशावरून सुलतानाने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. अशा दरबारात रूमी आणि अत्तार वाचले जात नसतील हे मी मानायला तयार नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ मध्ये ‘योगसंग्राम’ पूर्ण केला तेव्हा सूफी आणि योगी एकाच ओवीत नांदू लागले होते. पाथर्डी तालुक्यातल्या मढीस तर जे हिंदूंचे कानिफनाथ तेच मुसलमानांचे शाह रमजान ‘माही सवार’, म्हणजे मत्स्यारूढ. गोदावरी ते माशावर बसून उतरले अशी आख्यायिका आहे. ज्या मुलखात माशावरचा स्वार नाथ होतो, तिथे सिंहावरचा स्वार योगी झाला तर नवल कसले! महीपतीच्या ताहराबादाचे नाव शाह ताहिरावरून पडले असावे, असे म्हणण्याचा मोहही मला होतो. परंतु बागलाणातही एक ताहराबाद आहे, तेव्हा हा मोह आवरतो.

स्वदेशी पक्षाचा शेवटचा बालेकिल्ला म्हणजे भिंत. वाघ परका असेल, पण निर्जीवाला चालवण्याची कल्पना तरी आमची, असे मीही बरेच दिवस समजत होतो. पुढे अनातोलियातील हाजी बेक्ताश यांचे चरित्र हाती आले. त्यात अक्शहरचा सय्यद महमूद हैरानी सिंहावर बसून, सापाचा चाबूक घेऊन, शिष्यांच्या लवाजम्यासह भेटीस येतो, आणि हाजी बेक्ताश जवळच्या खडकावर बसून त्यालाच चालायला लावतात. सजीवाला हाकणे सोपे, निर्जीवाला हलवणे कठीण, हा न्यायनिवाडा तिथेही तोच. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेले ते चरित्र आळंदीहून तिकडे गेले नाही हे उघड आहे. दोन्ही शाखा एकाच खोडाच्या. महीपतीने ‘भक्तविजया’त नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांचे ऋण मान्य केले आहे, पण १७६२ मध्ये त्याच्या बोरूतून जी स्वारी उतरली, तिच्या टापांना फार दूरची धूळ होती.

एवढ्यावर मी समाधानाने दप्तर बांधले असते. पण एक गोष्ट सलत राहिली. खुरासानात सिंहावर बसलेला पुरुष नम्र आहे, आळंदीस तोच गर्विष्ठ कसा झाला? कथा उसनी घेताना कोणी तात्पर्यच हरवले काय? मग एका कीर्तनात मुक्ताबाईचा प्रसंग ऐकत असता ध्यानी आले, की काहीच हरवलेले नाही. खरकानच्या कथेत घटक तीन: हिंस्र पशू, सापाचा आसूड आणि कोणाचीही भीड न ठेवणारी स्त्री. आमच्या कथेतही ती स्त्री आहे. कोरे पत्र पाहून, चौदाशे वर्षे जगून हा कोरा तो कोराच राहिला, असे त्या वयोवृद्धाविषयी बोलणारी चिमुरडी मुक्ताई ती हीच. फरक एवढा, की शेखाची बायको अन्यायाने बोलते आणि मुक्ताई यथार्थ बोलते. आणि तिकडे बोल सोसल्यावर सिंह मिळतो, इकडे वाघ आधी मिळालेला आहे आणि बोल सोसणे मागाहून शिकायचे आहे. चांगदेव ते शिकला. ज्या मुलीने त्याला कोरा म्हटले तिलाच त्याने गुरू केले, आणि हे शिष्यत्व अखेरपर्यंत निष्ठेने सांभाळले. वाघ त्याने योगबळाने वश केला होता. त्याला स्वतःला वश केले ते मुक्ताईच्या बोलाने.

मी ऐकलेल्या एकाही कीर्तनात, चांगदेवाने खाली उतरून लोटांगण घातल्यानंतर वाघाचे पुढे काय झाले, हे बुवांनी सांगितले नाही, आणि श्रोत्यांपैकी कोणी विचारलेही नाही. लहानपणी मला त्या वाघाची काळजी वाटे. आता वाटत नाही. मुक्ताईच्या पायांशी चांगदेव पायीच गेला. तेव्हा वाघाच्या पाठीवरचे जीनही उतरले असेल.