माशा मारण्याचे बावीस तास

रात्री १०:५० (उरले २२ तास)

लेस्टरमधल्या आमच्या स्वयंपाकघरात, टेबलावरच्या दिव्याखाली, मी गाठी मारत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी शनिवार, जूनचा पहिला आठवडा, रटलंड वॉटर तळ्यावर होडी ठरवलेली. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ नसतं, कणकेची गोळी नसते. पिसं, लोकर आणि जर गुंडाळून केलेली खोटी माशी असते, आणि ती खरी समजून ट्राउटने गिळावी एवढीच माफक अपेक्षा असते. जाड दोर आणि ही माशी यांच्यामध्ये चार-पाच मीटरचा, पाण्यात सहसा न दिसणारा फ्लुरोकार्बनचा धागा लागतो. त्याला लीडर म्हणतात. उद्या वाऱ्यात बसून गाठी मारायला लागू नयेत म्हणून एक राखीव लीडर आजच तयार करून ठेवत होतो. तीन माशा, तीन गाठी.

समोर सासरे बसले होते. भिगवणकडून तीन आठवड्यांपूर्वी आलेले. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांचं तरुणपण भीमेच्या काठावर गेलं. बांबूची काठी, दोरा, आकडा आणि गांडूळ एवढ्या भांडवलावर त्यांनी मरळ, वाम, शिंगाडा असे मासे घरी आणलेले आहेत.

“माशीनं मासा धरनार?” त्यांनी विचारलं. “आपल्याकडं माशा मारणं म्हंजी येगळंच आसतं, पाव्हणं.”

मी हसून सोडून दिलं. पहिल्या दोन गाठी छान बसल्या. तिसरी सगळ्यात टोकाच्या माशीची. धागा गळाच्या डोळ्यातून ओवायचा, स्वतःभोवतीच पाच वेढे द्यायचे, टोक पहिल्या फटीतून मागे घ्यायचं, मग गाठ तोंडात धरून ओली करायची आणि सावकाश आवळायची. ओली अशासाठी की कोरडा धागा स्वतःवरच घासतो, तापतो, आणि वेढे एकमेकांशेजारी नीट बसत नाहीत. हे मला पाठ होतं. पण जेवणानंतरची बडीशेप तोंडात होती, आणि बडीशेपेच्या चोथ्यात गाठ घालणं जिवावर आलं.

“थुकी लावा की,” मामा म्हणाले. “सुईतला दोरा आसू द्या न्हाईतर गळाचा. वल्ला केल्याबिगर गाठ बसत न्हाई.”

“मामा, हे फ्लुरोकार्बन आहे. शिलाईचा दोरा नव्हे.”

गाठ ओढली. बसल्यासारखी दिसली. उरलेलं टोक कापलं, लीडर गुंडाळून पाकिटात ठेवला आणि झोपलो.

सकाळी ६:२० (उरले १४ तास ३० मिनिटं)

थालीपिठं, लोणी, लसणाची चटणी, दोन थर्मास चहा. “संध्याकाळी भाजी करून ठेवू का नको?” असं बायकोने विचारलं. नको म्हणालो.

सकाळी ८:४० (उरले १२ तास १० मिनिटं)

तळ्याकाठच्या लॉजमध्ये पावती फाडली. मासेमारीचा सरकारी परवाना मी ऑनलाइन काढलेला होताच. मामा गळ धरणार नव्हते म्हणून त्यांना परवान्याची गरज नव्हती, पण लाइफ जॅकेट दोघांनाही. पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि मधे भगभगीत नारिंगी जॅकेट अशी मूर्ती काउंटरवरच्या बाईंनी फार आदराने पाहिली.

आज काय चालतंय असं विचारलं की काउंटरवर माशांची नावं सांगतात आणि आपण त्या विकत घेतो. ही व्यवस्था कोणी काढली असेल ती असो, त्यात मासा लागतो की नाही याला काही महत्त्व नाही. मी चौदा माशा घेतल्या. त्यात एक ‘बूबी’, फोमचे दोन गोल डोळे असलेली. एक ‘ब्लॉब’, जी जगातल्या कुठल्याही किड्यासारखी दिसत नाही. आणि चार ‘डिओल बाख’. हे नाव वेल्श आहे, अर्थ छोटा सैतान. रात्रीच्या राखीव लीडरच्या टोकालाही एक छोटा सैतानच बांधलेला होता.

मामांना मात्र माझ्या पिशवीतलं एक लाकडी दांडकं आवडलं. वीतभर लांब, टोकाला जड. पकडलेल्या माशाच्या डोक्यात एक घाव घालून त्याला झटकन मारायचं हत्यार. इंग्रज त्याला ‘प्रीस्ट’ म्हणतात, कारण ते शेवटचे संस्कार करतं. मी अर्थ सांगितल्यावर मामा खूश झाले. “भटजी आलं, अंत्यविधीचं सामान आलं,” ते म्हणाले, “आता मढ्याचा पत्ता लागंना म्हंजी झालं.”

सकाळी १०:०५ (उरले १० तास ४५ मिनिटं)

वाऱ्याची झुळूकही नव्हती. इंजिन बंद केलं, होडी हळू वाहावी म्हणून पॅराशूटसारखी कापडी पिशवी पाण्यात सोडली. तीही पाण्यात नुसतीच लोंबत राहिली.

नॉर्मंटनचं चर्च इथून समोर दिसतं. पाण्यातूनच उगवल्यासारखं. १९७०च्या दशकात एम्पिंगहॅमजवळ ग्वॉश नदीच्या खोऱ्यात बांध घातला, तेव्हा नेदर हॅम्बल्टन नावाची वस्ती पाण्याखाली गेली. चर्चही जाणार होतं. लोकांनी आग्रह धरला, मग त्याचा खालचा अर्धा भाग दगड आणि काँक्रीटने भरून काढला, फरशी वर उचलली आणि काठापासून तिथपर्यंत रस्ता केला. आता तिथे लग्नं लागतात. खुद्द रटलंड हा परगणाही १९७४ साली नकाशावरून पुसला गेला होता. लेस्टरशरमध्ये विलीन झाला आणि १९९७ साली परत आला.

मी हे सगळं मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्याच दशकात भीमेवर उजनी धरणाचं पाणी चढत होतं. त्यांचं गाव, घर, चिंचेखालचा पार, सगळं खाली आहे. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळही गेलं. दुष्काळात पाणी उतरलं की शिखर वर येतं आणि लोक होड्या करून बघायला जातात.

“ह्यांचं निम्मं ऱ्हायलं,” ते म्हणाले. “आणि निम्म्याला रस्ता बी केला.”

मग त्यांनी टोपी सारखी केली आणि मला म्हणाले, “हाना आता तुमची माशी.”

टोपी सारखी करायला नको होती. फ्लाय फिशिंगमध्ये माशीला वजन नसतं, म्हणून फेकायची असते ती माशी नव्हे, दोर. गोफणीत धोंडा जातो आणि दोरी हातात राहते. इथे दोरीच धोंडा. ती आधी पाठीमागे हवेत सरळ पसरू द्यायची, क्षणभर थांबायचं, आणि मग पुढे झोकायची. हे क्षणभर थांबणं ज्याला जमतं तो फ्लाय फिशर. मला जमत नाही. मागे गेलेली माशी पुढे येताना मामांच्या टोपीत रुतली, टोपी उडाली, वीस-बावीस फुटांवर सुरेख, आवाज न करता पाण्यात उतरली. दिवसभरातली माझी तीच सर्वात नाजूक फेक. मामांनी स्वतःच जाळं उचललं आणि टोपी बाहेर काढली.

गळाला काटा नव्हता. नाहीतर टोपी फाटली असती.

दुपारी १:३० (उरले ७ तास २० मिनिटं)

ऊन. ढगाचा तुकडा नाही. ट्राउटला पापण्या नसतात. असं ऊन पडलं की तो खोल जातो, शिवाय पाण्याचा वरचा थर तापला की त्याला तिथे करमत नाही. विशीच्या वर पारा गेला की त्याचा जीव घाबरा होतो. म्हणूनच आपल्याकडे हा मासा काश्मीर, हिमाचल, निलगिरी असल्या थंड पाण्यातच टिकला. उजनीत चिलापीचं राज्य आहे ते उगाच नव्हे.

बुडता दोर लावला. वीस आकडे मोजून ओढला, तीस मोजून ओढला, चाळीस मोजून ओढला. चाळिसाला शेवाळ आलं.

दुपारी ३:०० (उरले ५ तास ५० मिनिटं)

तेवढ्यात एक ऑस्प्रे आली. रटलंडमध्ये १९९६ पासून स्कॉटलंडची पिल्लं आणून हा पक्षी पुन्हा वसवला. २००१ साली इथे पहिलं घरटं यशस्वी झालं. आमच्या होडीपासून शंभरेक फुटांवर ती हवेत थबकली, पाय पुढे करून धपकन पडली, आणि पंख झाडत वर आली ती हातभर ट्राउट घेऊनच. उडता उडता तिने मासा पंजात फिरवला, तोंड पुढे, शेपूट मागे. वाऱ्याला कमी अडावा म्हणून.

“ही आपल्याकडं थंडीत येती,” मामा म्हणाले. उजनीवर येतात त्या वेगळ्या प्रदेशातल्या. इथल्या पश्चिम आफ्रिकेत जातात. हे मला माहीत होतं. ते सांगून वाद जिंकण्याइतपत पत माझ्याकडे उरली नव्हती.

थालीपिठं संपली.

दुपारी ४:४५ (उरले ४ तास ५ मिनिटं)

मामा होडीत आडवे होऊन झोपले. मी तीन माशा बदलल्या. काही नाही.

याच तळ्याच्या एका खोलगट भागातलं पाणी उतरवलं तेव्हा २०२१ साली तिथे इक्थिओसॉर या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा सापडला होता. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा, १० मीटर लांब. तोही गळाला लागलेला नव्हता, हीच काय ती माझ्यासाठी समाधानाची बाब.

संध्याकाळी ७:१० (उरला १ तास ४० मिनिटं)

ऊन कललं आणि तळं जिवंत झालं.

आधी एक वलय दिसलं, मग पाच, मग मोजता येईनात. ट्राउट होडीच्या इतके जवळ वर येत होते की त्यांच्या नाकपुड्या दिसत होत्या. मी थरथरत माशी टाकली. वलयाच्या मध्यात पडली. तिच्या बाजूने मासा वर आला, काहीतरी चोखून गेला. माशी तिथेच. परत टाकली. परत तेच.

मग माझ्या बाहीवर पांढरं काहीतरी बसलं. तीळ असावा एवढं. मग शंभर. होडीच्या कडांवर, मामांच्या टोपीवर, चहाच्या कपात. हा केनिस, मेफ्लायच्या जातीतला अगदी बारीक किडा. पाण्यातून पंख घेऊन बाहेर येतो, मिळेल त्या वस्तूवर बसतो आणि काही मिनिटांतच पुन्हा एकदा कात टाकतो. कात तिथेच, किडा हवेत. नंतर त्याच्याकडे काही तासच असतात. इंग्रज मासेमार त्याला शापच म्हणतात, कारण ट्राउट त्याच्यावर तुटून पडला की त्याला दुसरं काही दिसत नाही. केनिसएवढी माशी बांधायला गळ धण्याच्या दाण्यापेक्षा बारीक हवा. आणि एवढी बारीक माशी लाखो खऱ्यांच्या गर्दीत टाकली तरी तिला कोणी का निवडावं?

माझं जॅकेट कातींनी पांढरं झालं. मामा बोटाने त्या गोळा करून तळहातावर बघत होते.

“ह्या खऱ्या माशा,” ते म्हणाले.

संध्याकाळी ८:२० (उरली ३० मिनिटं)

घाईत दोर झोकला, मागच्याला पुढचा भिडला, तीन माशा आणि पाच मीटर धागा यांचा एक लाडू तयार झाला. सोडवत बसलो असतो तर उजाडलं असतं. कापून टाकला.

पाकिटातून राखीव लीडर काढला. आदल्या रात्रीचा दूरदर्शीपणा कामी आला याचं एवढं बरं वाटलं की दोन मिनिटांत तो दोराला जोडला. ही जोडणी मी ओली केली, बरं का. तोंडात बडीशेप नव्हती.

“ती कालचीच न्हवं?” मामांनी विचारलं.

“हो.”

ते पुढे काही बोलले नाहीत. जाळं मात्र जवळ घेऊन बसले.

संध्याकाळी ८:४१ (उरली ९ मिनिटं)

दोर थांबला. ओढला गेला नाही, नुसता थांबला, जसा शेवाळात थांबतो. मी काठी उचलली आणि शेवाळ पळायला लागलं.

मासा पाण्याबाहेर पूर्ण आला. रेनबो, बाजूवर गुलाबी पट्टा, शेपूट अख्खी आणि रुंद, म्हणजे नुकता सोडलेला नव्हे, इथेच हिवाळा काढलेला. पुन्हा खाली गेला, आणि रिळावरचा सगळा दोर संपून मागची बारीक दोरी दिसायला लागली. मी याआधी ती फक्त दुकानात पाहिली होती.

“सैल सोडा,” मामा म्हणाले. सैल सोडला. “आता घ्या.” घेतला. “घाई न्हाई.” आयुष्यात कधी रीळ न पाहिलेला माणूस मला मिनिटामिनिटाला सांगत होता आणि प्रत्येक वेळी बरोबर सांगत होता. मासा दोनदा होडीखाली गेला, मी दोनदा काठी पाण्यात खुपसून दोर टोकावरून पलीकडे घेतला. मग तो कुशीवर पडला. मामांनी जाळं पाण्यात आधीच बुडवून स्थिर धरलेलं होतं. माशाच्या मागे धावायचं नाही, मासा जाळ्यावर आणायचा, हेही त्यांना कोणी सांगायला लागलं नाही. हात लांब केला तर पोहोचेल इतका जवळ. डोळा दिसत होता.

संध्याकाळी ८:५०

त्याने एकदा डोकं झटकलं.

काठी सरळ झाली. मासा तिथेच क्षणभर थांबला, जणू त्यालाही पटलं नाही, आणि मग सावकाश, घाई न करता, हिरव्यात उतरत गेला. ओठात छोटा सैतान होता. काटा नसल्यामुळे तो लवकरच पडेल, एवढं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी ८:५३

दोर आत घेतला. वरच्या दोन माशा जागेवर होत्या. टोकाला धागा होता, आणि धाग्याच्या शेवटच्या बोटभर भागाला पाच वेढ्यांचं वळण होतं, डुकराच्या शेपटीसारखं. धागा तुटला तर टोक सरळ असतं. असं कुरळं टोक म्हणजे तुटलं काही नाही. गाठ सरकली, उलगडली आणि निघून आली.

मामांनी चष्मा लावला. ते टोक दोन बोटांत धरून ओढून सरळ केलं, सोडलं. ते पुन्हा कुरळं झालं. पुन्हा सरळ केलं. मग जिभेवर बोट फिरवून त्यांनी तो धागा ओला केला, माझ्या पेटीतली एक माशी घेतली आणि मला न विचारता तिच्या डोळ्यातून ओवायला लागले. ऊन मावळत आलं होतं. मी इंजिन चालू केलं.

धक्क्याजवळ आलो तेव्हा घरून फोन आला. माझे हात सुकाणूवर होते, मामांनी घेतला. बायकोचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“काय मिळालं, आप्पा?”

मामांनी डोक्यावरून अजून दमट असलेली टोपी काढली, केनिसच्या काती झटकल्या.

“टोपी,” ते म्हणाले. “भाजी कर.”