भोजनवाचक नामे (मराठी व इंग्रजी)

दिवसातील खाण्याच्या वेळा किंवा त्या वेळी घेतला जाणारा आहार दर्शविणाऱ्या शब्दांना भोजनवाचक नामे म्हणता येईल. मराठीत जेवण, न्याहारी, नाश्ता व फराळ, तर इंग्रजीत ब्रेकफास्ट, लंच, डिनर व सपर ही अशी नामे होत. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. या नामांच्या वापरातील भेद ध्यानात न आल्यास शब्दशः भाषांतराच्या चुका होतात.

व्युत्पत्ती

जेवण हे जेवणे या क्रियापदापासून झालेले धातुसाधित नाम आहे. फराळ हा शब्द संस्कृत फलाहार यावरून, तर नाश्ता फारसीतून आला. ब्रेकफास्टचा मूळ अर्थ 'उपवास सोडणे' असा असून मराठीत त्याला पारणे हा शब्द आहे. डिनर हा शब्दही फ्रेंचमार्गे लॅटिनमधील याच अर्थाच्या शब्दापासून आला आहे.

मराठीतील रूपे

लिंगानुसार या नामांचे अनेकवचन व सामान्यरूप बदलते.

• जेवण (नपुंसकलिंग) – जेवणे, जेवणाला
• न्याहारी (स्त्रीलिंग) – न्याहाऱ्या, न्याहारीला
• नाश्ता (पुल्लिंग) – नाश्ते, नाश्त्याला
• फराळ (पुल्लिंग) – फराळ, फराळाला

इंग्रजीतून आलेल्या शब्दांचे लिंग अद्याप पूर्णपणे स्थिरावलेले नाही. मुंबई व नवी मुंबईतील कार्यालयांत 'लंच झाला का?' आणि 'लंच झालं का?' हे दोन्ही प्रयोग ऐकू येतात.

इंग्रजीतील वापर

इंग्रजीत या नामांना लिंगभेद नाही. तेथे उपपदाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. नित्याच्या भोजनाविषयी बोलताना उपपद लागत नाही. म्हणून 'आय हॅड लंच' हे वाक्य योग्य, तर 'आय हॅड अ लंच' हे सामान्यतः अयोग्य होय. नामापूर्वी विशेषण आल्यास मात्र 'अ' हे उपपद येते: 'अ लाइट लंच'. विशिष्ट भोजन अभिप्रेत असल्यास 'द' येते. मील हे नाम गणनीय असल्याने 'अ मील', 'थ्री मील्स' अशी रूपे होतात.

दोन नामे जोडताना मराठीत षष्ठीचा प्रत्यय लागतो: जेवणाची सुट्टी. इंग्रजीत पहिले नाम न बदलता विशेषणासारखे येते: लंच ब्रेक.

भाषांतरातील अडचणी

'सर्वांची जेवणे झाली' या वाक्यात माणसे अनेक म्हणून जेवणेही अनेकवचनी आहेत. इंग्रजीत मात्र 'एव्हरीवन हॅज हॅड डिनर' असे एकवचनच येते. येथे कर्ताही बदलतो. मराठीत जेवण 'होते', इंग्रजीत माणूस ते 'घेतो'. त्यामुळे 'माझे जेवण झाले' याचे स्वाभाविक भाषांतर 'आय हॅव हॅड लंच' असे होते.

मराठीत जेवण हा एकच शब्द दोन्ही वेळांना चालतो व गरजेनुसार दुपारचे किंवा रात्रीचे हे शब्द जोडले जातात. इंग्रजीत वेळेप्रमाणे नामच निवडावे लागते. ही निवडही सर्वत्र सारखी नाही. उत्तर इंग्लंडमध्ये अनेक जण दुपारच्या जेवणाला डिनर आणि संध्याकाळच्या जेवणाला टी म्हणतात.